पानाला तीस रुपये

अप्पा बळवंत चौकातून आत, गाईडवाल्यांच्या मागे,
सात पायऱ्या खाली आमचं तळघर.
कानड्यांच्या दुकानात तीन संगणक, एक पंखा
आणि मी : हेमलता काळोखे, टाइपसेटिंग.
पानाला तीस रुपये, तक्ते असतील तर चाळीस.

अकरा वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं माझ्या बोटांतून गेलं.
मधुमेहींचा आहार, कुलवृत्तांत,
एका निवृत्त इंजिनिअरचा युरोप,
त्यातली नऊ पानं नुसत्या नाश्त्याची.
'जिच्यामुळे हे शक्य झालं' अशा अर्पणपत्रिका
कितीतरी जुळवल्या.
ती कोण, हे विचारावं लागायचं नाही.
उरलेले पैसे घेऊन तीच यायची.

माझ्या फाइलचं नाव होतं 'वीजबिल'.
कुणी चुकूनही उघडणार नाही असं.
एक ते चार कानडे घरी जेवून झोपत,
शटर अर्धं खाली,
मी डब्याच्या आधी वीजबिल उघडायची.

मंडईमागे तराजू दुरुस्त करणाऱ्या माणसाची गोष्ट.
बाबांचीच. नाव बदललं,
विडी बदलता आली नाही.

पहिल्यांदा पाठवली तेव्हा
परतीचं पाकीट सोबत जोडलं होतं, तिकीट लावून.
तेच आलं.
धायरीचा पत्ता, माझ्याच हाताचा,
माझंच अक्षर मला नाही म्हणत होतं.
दुसऱ्यांनी तेवढंही केलं नाही.
तिसऱ्यांचं कार्ड आलं :
'गोष्ट बरी आहे. सहाशे शब्द जास्त आहेत.
काळोखे हे टोपणनाव घ्यायचं कारण कळवावे.'

सहाशे शब्द.
रविवारी बाबांच्या शेजारी जाऊन बसले.
ते लोखंडी मापाच्या पोटातलं शिसं खरवडत होते,
जरासं काढायचं, पारड्यात ठेवायचं, पुन्हा जरासं.
'एकदम काढलं की परत भरावं लागतं,'
हे ते मला नाही, मापाला सांगत होते.
त्या रात्री मी दोन उपमा काढल्या,
मग पाऊस,
मग अख्खी आत्याबाई,
आणि शेवटी शेवट.

सप्टेंबरात दिवाळी अंकाचा गठ्ठा
आमच्याच तळघरात आला.
'बाकीचं बाजूला ठेव,' कानडे म्हणाले, 'घाई आहे.'
अकरावा मजकूर माझा.
वीजबिलातून सरळ उचलून चिकटवता आला असता.
नाही चिकटवला.
परक्याचा असल्यासारखा कागद डावीकडे टेकवला
आणि ओळ न् ओळ पुन्हा बडवली.
काही ठिकाणी वाटलं, बाई बरं लिहिते.
काही ठिकाणी वाटलं, हिला कुणीतरी आवरायला हवं होतं.
वहीत नोंद केली : सात पानं, दोनशे दहा रुपये.
लिहिल्याबद्दल मिळणार होत्या दोन प्रती.

प्रुफं टिळेकर बाई बघतात,
पण त्यांच्या डोळ्यावर मोतीबिंदूची पट्टी होती.
मीच बघितली. दोनदा.

अंक आला.
बाबांनी आधी हात पुसले.
ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत,
हातगाडीवाल्याला दोनदा थांबवून वाचलं.
'माणूस गेला तरी त्याचं वजन मागे राहतं',
असं मी लिहिलं होतं.
छापलं होतं : 'वचन'.
ज आणि च, कीबोर्डवर शेजारी शेजारी.
बोट तिथे आलं आणि थांबलं.
'हां,' बाबा म्हणाले,
आणि पान उलटलं.
मी काहीच बोलले नाही.

दुसरी प्रत टिळेकर बाईंना दिली.
पट्टी निघाली होती.
त्यांनी पिशवीतून लाल पेन काढलं,
शहाण्णवाव्या पानावर, माझ्यासमोर,
त्या च भोवती गोल केला.
'अहो बाई, छापून झालंय.'
'छापून झाल्यावरच नीट दिसतं,' त्या म्हणाल्या,
'पुढची कधी देणार?'